सेटिंग बदलायला दाखला कशाला?

‘इनव्हॅलिड सिंटॅक्स.’ पायथन शिकणाऱ्या मुलाला संगणक वर्षानुवर्षं एवढंच सांगत आला. काय चुकलं ते सांगायचं नाही, कुठे चुकलं तेही धड सांगायचं नाही. कंस तिसऱ्या ओळीत उघडा राहिलेला आणि बाण चौथ्या ओळीकडे. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथनची ३.१० ही आवृत्ती आली आणि तोच संगणक नीट बोलायला लागला. हा कंस उघडलाय पण बंद केलेला नाही. इथे कोलन हवा. हे नाव सापडत नाही, तुम्हाला अमुक म्हणायचंय का? मधल्या काळात मुलं काही हुशार झाली नव्हती. पायथन बनवणाऱ्यांनी प्रोग्राम वाचणारा जुना भाग काढून नवा बसवला आणि संदेश लिहिताना समोर बसलेल्या माणसाचा विचार केला. मुलगा तोच, चूक तीच, पण अर्ध्या तासाची शोधाशोध अर्ध्या मिनिटावर आली.

ज्या मुलांबद्दल आज लिहायचंय, त्यांचं इंजिनिअरिंग याच अर्ध्या तासात अडकून पडतं.

माळेगाव बुद्रुकला शिवनगर विद्या प्रसारक मंडळाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. बारामतीच्या विद्यानगरीत विद्या प्रतिष्ठानचं आहे. बारामती, इंदापूर, फलटण, दौंड या पट्ट्यातली मुलं इथे ‘कॉम्प’ला, म्हणजे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला येतात. कुणाच्या घरचा दहा एकर ऊस, कुणाची आई दुसऱ्याच्या उसात खुरपायला जाणारी. घरातला पहिला इंजिनिअर व्हायला निघालेली मुलं यात पुष्कळ असतात. जगभरात साधारण शंभरातल्या पाच मुलांना लक्ष टिकवणं अवघड करणारा एडीएचडी असतो. वय वाढतं तशी काहींची लक्षणं ओसरतात, बऱ्याच जणांची ओसरत नाहीत. म्हणजे साठ जणांच्या वर्गात असा एखादा तरी विद्यार्थी धरूनच चालायला हवं. आपण तसं धरत नाही. आपण त्याला ‘बॅकलॉगवाला’ म्हणतो आणि पुढच्या रोल नंबरकडे वळतो.

एडीएचडी ही मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था आहे. ती कॉलेजात येऊन लागत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांप्रमाणे लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावी लागतात, आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. चार रील पाहून ‘मलापण आहे वाटतं’ म्हणणं वेगळं आणि मानसोपचारतज्ज्ञाने तासभर बसून, घरच्यांशी बोलून केलेलं निदान वेगळं. हेही सांगितलं पाहिजे की आईबापाचे संस्कार कमी पडले म्हणून हे होत नाही. या मुलांना काम सुरू करणं जड जातं. चार गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवणं जड जातं. किती वेळ गेला आणि किती उरला याचा अंदाज चुकतो.

या भागाला पटेल असं सांगतो. नीरा डाव्या कालव्याला पाणी असतं, पण आवर्तन कधी सुटणार ते शेतकऱ्याच्या हातात नसतं. सुटलं की रात्री दोन वाजताही दारं धरायला जावं लागतं. या मुलांचं लक्ष तसं आहे. सुटलं की होस्टेलवर रात्रभर जागून अख्खी वेबसाइट उभी करतात. नाही सुटलं की दहा ओळींची असाइनमेंट तीन आठवडे तशीच पडून राहते. मग सर म्हणतात, ‘ते जमतं, हे बरं जमत नाही तुला?’ तो मान खाली घालतो, कारण हाच प्रश्न त्याने स्वतःला शंभरदा विचारलेला असतो.

सरांचा हा प्रश्न मुलाला विचारून झाला असेल, तर आता समोरच्या मशीनला विचारू.

दोन तासांचं प्रॅक्टिकल. बॅचला वीसेक मुलं. मशीन चालू होतं. एडिटर उघडला की आधी स्वागताचं पान. मग उजवीकडे खाली एक पट्टी येते: नवी आवृत्ती आलीय, घ्यायची का? दुसरी पट्टी: या फाइलसाठी अमुक एक्स्टेन्शन सुचवतोय. अँटिव्हायरसचं आपलं वेगळंच. मुलाने दोन शब्द टाइप करून श्वास घेतला की राखाडी अक्षरात एआयने पुढच्या पाच ओळी मांडलेल्या. घ्या किंवा नाकारा, पण आधी वाचा. अजून पहिलं ‘फॉर’ लूप लिहून झालेलं नाही आणि सात वेळा त्याच्या खांद्यावर कुणीतरी टकटक केलंय.

एडीएचडीचा विषय बाजूला ठेवला तरी पगारी प्रोग्रामरांचं काय होतं ते मोजून झालेलं आहे. क्रिस पार्निन आणि स्पेन्सर रुगाबर या संशोधकांनी ८६ प्रोग्रामरांच्या कामाची सुमारे दहा हजार सत्रं तपासली. काम मध्येच तुटलं की परत कोडला हात घालायला साधारण दहा-पंधरा मिनिटं लागत होती. एका मिनिटाच्या आत काम परत सुरू झालं असं सत्र दहातलं एकच. कामाची सवय असलेल्या माणसाची ही गत, तर ज्याच्या डोक्यातून पाचवं पाऊल टाकताना दुसरं निसटतं, त्या एकोणीस वर्षांच्या पोराचं दोन तासांचं प्रॅक्टिकल कुठे जातं याचा हिशेब कुणीही करावा.

वेबसाइटसाठी २००८ पासून जागतिक नियम आहे. आपोआप सुरू होणारी आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ हलत राहणारी गोष्ट वापरणाऱ्याला थांबवता किंवा लपवता आली पाहिजे. हलत्या जाहिरातीला एवढा विचार लावता येतो. मग विद्यार्थी ज्याच्यासमोर चार वर्षं बसतो त्या एडिटरला तोच विचार लावा. थांबवायची सोय त्यात बहुतेक वेळा असते. व्हीएस कोड या एडिटरमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ आहे. ‘झेन मोड’ आहे: कंट्रोल-के दाबून मग झेड दाबलं की सगळ्या पट्ट्या जातात आणि स्क्रीनवर फक्त कोड राहतो. आपोआप सेव्ह होण्याची सोय फाइल मेनूतच आहे. मोठ्या फंक्शनमध्ये खाली गेलं तरी फंक्शनचं नाव वर चिकटून राहतं असं ‘स्टिकी स्क्रोल’ आहे, म्हणजे ‘मी आत्ता नेमका कुठे आहे’ हे डोक्यात धरून ठेवायची गरज उरत नाही. एआयची राखाडी अक्षरं बंद करता येतात.

सगळं आहे. फक्त जे बंद असायला हवं त्यातलं बरंच चालू करून दिलंय आणि जे चालू असायला हवं त्यातलं बरंच शोधून काढायला ठेवलंय. ज्याची शोधताना वाट चुकते, त्यालाच शोधायला सांगितलंय. माझं भांडण या क्रमाशी आहे. कारखान्यातून निघताना सेटिंग कशी असावी हे ठरवणाऱ्यांनी आपल्यासारख्याच दोन तास सलग बसू शकणाऱ्या माणसाचा विचार केला आणि बाकीच्यांना ‘हवं तर बदला’ म्हणून सोडून दिलं.

व्हीएस कोड मायक्रोसॉफ्टचा आहे. त्याच मायक्रोसॉफ्टचं तंत्रज्ञान वापरून माळेगावला लागून असलेल्या शारदानगरला अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसावर एआयचा प्रयोग केला. शेतात सेन्सर, वर उपग्रह, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला: आज पाणी द्या, इथे खत कमी करा. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी जगासमोर त्याचं कौतुक केलं. कौतुक व्हायलाच हवं. उसाला नेमकं कधी काय लागतं हे ओळखून, तेवढंच, त्याच्या वेळेला सांगणारं तंत्र याच शिवारात उभं राहिलंय. तीच कंपनी, तोच तालुका. त्या शेताच्या पलीकडच्या लॅबमध्ये बसलेल्या मुलाला नेमकं काय लागतं, हे विचारायला कुणीतरी यायला हवं. शिक्षकांनी आणि संस्थांनी ते कंपनीला लिहून कळवायला हवं. ओळख झालेलीच आहे.

लॅबमधल्या टर्बो सी++ या जुन्या साधनावर दोन शब्द, कारण ते अजूनही आपल्याकडे निळा पडदा घेऊन बसलेलं दिसतं. त्याची पहिली आवृत्ती १९९० ची. सी++ या भाषेची पहिली अधिकृत आंतरराष्ट्रीय प्रमाणसंहिता आली १९९८ मध्ये. म्हणजे भाषेचे नियम पक्के व्हायच्या आधीचं साधन आपण भाषा शिकवायला वापरतो. त्याच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो: तिथे पट्ट्या येत नाहीत, कुणी टकटक करत नाही. ही शांतता चांगली आहे आणि नव्या साधनांनी ती घ्यावी. पण तिथे शिकलेलं बरंचसं कोड आजच्या कंपायलरवर जसंच्या तसं चालत नाही, आणि एकच गोष्ट दोनदा, दोन तऱ्हांनी शिकायला लावणं हा या मुलांवर सरळ अन्याय आहे.

चुकांच्या संदेशांकडे परत येतो, कारण खरी पडझड तिथे होते.

सी मध्ये एक अर्धविराम राहिला की कंपायलर कधीकधी पंचवीस चुका दाखवतो. खरी चूक एक, उरलेल्या चोवीस तिच्यामुळे पडलेल्या. अनुभवी माणूस पहिली पाहतो आणि बाकी सोडून देतो. आपला विद्यार्थी स्क्रीन वर-खाली सरकवत राहतो. शेवटची दिसते म्हणून तीच दुरुस्त करायला घेतो. त्यात नवी चूक घालतो. आता सत्तावीस झाल्या. बाजूच्याचं आउटपुट आलेलं असतं. तो मोबाइल काढतो. मॅडम मोबाइल पाहतात आणि ओरडतात. जर्नलमध्ये त्या प्रयोगाच्या तारखेसमोर सही होत नाही. एका अर्धविरामापासून सही न होण्यापर्यंतचा हा प्रवास मी लॅबच्या दारात उभं राहून डोळ्यांनी पाहिलेला आहे, आणि त्या मुलाला विषय समजला नव्हता असं मी मुळीच म्हणणार नाही. लिंक्ड लिस्ट त्याने मला कागदावर चौकोन काढून अचूक समजावून सांगितली होती.

यावर उपाय इतका लहान आहे की राग यावा. जीसीसी या फुकट कंपायलरला ‘फेटल एरर्स’चा एक पर्याय दिला की तो पहिल्याच चुकीवर थांबतो. एकच चूक दाखवतो. ती दुरुस्त करा, परत चालवा, पुढची दिसेल. लॅबच्या प्रत्येक मशीनवर एकदा तो पर्याय लावून ठेवला की वीसच्या वीस मुलांसमोर पंचवीसऐवजी एक चूक येईल. पैसा लागत नाही. ठराव लागत नाही. लॅब असिस्टंटची एक दुपार लागते.

पण मुलाने स्वतः लावलं तर? टिकत नाही. बऱ्याच लॅबमध्ये मशीन बंद-चालू केलं की सगळं मूळ पदावर येतं, व्हायरस शिरू नये म्हणून तशी व्यवस्था केलेली असते. मागच्या बुधवारी त्याने मोठ्या कष्टाने शांत केलेला एडिटर या बुधवारी परत तसाच गडबड करत समोर येतो. बरं, दर वेळी मशीनही वेगळं. ज्याला सुरुवात करणंच अवघड, त्याला दर आठवड्याला शून्यापासून सुरुवात. व्हीएस कोड पेन ड्राइव्हवरून चालवता येतो, आपल्या सगळ्या सेटिंगसकट: झिपमधून सोडवलेल्या फोल्डरमध्ये ‘डेटा’ नावाचं एक फोल्डर केलं की झालं. थॉनी हा पायथनचा साधा एडिटरही तसा मिळतो, पायथन आत घालूनच. पण पेन ड्राइव्हला लॅबमध्ये बऱ्याचदा बंदी असते. मग बंदी ठेवा, पण विद्यार्थ्याच्या लॉगिनला त्याची सेटिंग जोडून द्या. एवढं करता न येणारा संगणक विभाग मला तरी माहीत नाही, कारण हेच काम करणारे इंजिनिअर तोच विभाग तयार करतो.

थॉनीचं नाव निघालं म्हणून थोडं तिथे थांबतो. इस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तो तयार झाला, नवशिक्यांसाठीच. त्यात प्रोग्राम एकेक पाऊल चालवता येतो आणि गणितातली पदावली सोडवावी तशी प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर सुटताना दिसते. व्हेरिएबलमध्ये आत्ता काय आहे ते बाजूला लिहिलेलं असतं. फिलिप गुओ यांनी २०१० मध्ये सुरू केलेला पायथन ट्यूटर हेच काम ब्राउजरमध्ये करतो, सी आणि जावासाठीसुद्धा. फळ्यावर सर जे ‘ड्राय रन’ करून दाखवतात ते इथे मुलाला हवं तितक्यांदा, हव्या त्या वेगाने, मागे-पुढे जात बघता येतं. ज्याच्या डोक्यात चार किमती एकदम टिकत नाहीत, त्याच्यासाठी त्या चार किमती स्क्रीनने टिकवून धरायच्या. यात त्याची फसवणूक होत नाही, लाड होत नाहीत. चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण परीक्षेत चष्मा काढ म्हणत नाही.

नेदरलँड्समध्ये फेलिएन हर्मन्स यांनी २०२० मध्ये हेडी ही भाषा काढली. पहिल्या पायरीला कंस नाहीत, अवतरणचिन्हं नाहीत. एकेक नियम पुढच्या पायरीवर येतो आणि शेवटी मूल खऱ्या पायथनमध्ये पोचलेलं असतं. ती हिंदीतूनही लिहिता येते. शाळेच्या पातळीवर माळेगावच्या, पणदऱ्याच्या शिक्षकांनी ती जरूर पाहावी.

आणि आपल्या घरचं? आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिला. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, सी, सी++, पायथन आणि कितीतरी विषयांचे, मराठी आवाजासकट, फुकट. पद्धत अशी की अर्ध्या स्क्रीनवर धडा चालू आणि अर्ध्या स्क्रीनवर मुलाने तेच करून पाहायचं. थांबवायचं, करायचं, पुढे जायचं. हे एडीएचडीसाठी म्हणून बनवलेलं नाही. पण तासभराच्या लेक्चरला जो मुलगा दहाव्या मिनिटाला हरवतो, त्याला दहा मिनिटांत एक पूर्ण गोष्ट हाताला लागते, तीही आईच्या भाषेत. हा खजिना महाराष्ट्रात आहे आणि आपण मुलांना अज्ञात माणसांचे साडेचार तासांचे व्हिडिओ बघायला सोडून देतो.

आता असाइनमेंटकडे. ‘स्टॅक वापरून पदावली तपासणारा प्रोग्राम लिहा.’ एवढं एक वाक्य आणि पुढे कोरी स्क्रीन. या मुलांसाठी कोरी स्क्रीन ही भिंत असते. अर्धा लिहिलेला प्रोग्राम द्या आणि उरलेला भरायला सांगा. किंवा ओळी उलटसुलट करून द्या आणि क्रम लावायला सांगा. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये न्यूझीलंडहून ही कल्पना मांडली. पुढे बार्बरा एरिक्सन यांनी अभ्यास करून दाखवलं की अशी कोडी सोडवणाऱ्यांना पूर्ण कोड लिहिणाऱ्यांपेक्षा वेळ कमी लागतो आणि शिकणं जवळपास तेवढंच होतं. सबमिशन सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एकगठ्ठा न घेता दर आठवड्याला एक घ्या. दूरची तारीख या मुलांना दिसत नाही, परवाची दिसते.

कायद्याचं बोलू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या परिशिष्टात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत. ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं नाव नाही. महाराष्ट्राने अध्ययन अक्षम मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती द्यायला १९९६ मध्येच सुरुवात केली होती, हा कायदा यायच्या वीस वर्षं आधी. देशाला वाट दाखवणारं हे राज्य. त्याच राज्यात एडीएचडी असलेल्या मुलाला सवलत हवी तर बहुतेकदा सोबत अध्ययन अक्षमताही असल्याचा दाखला शोधावा लागतो. ज्याला ती नाही त्याने काय करायचं?

इथे ११ फेब्रुवारी २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक परीक्षा विभागाच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण त्याची अडचण ४० टक्क्यांच्या मापात बसत नव्हती. न्यायालयाने सांगितलं की ४० टक्क्यांची अट लेखनिक नाकारायला वापरता येणार नाही, आणि माणसाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं हे कायद्याचं काळीज आहे. याच कायद्याचं कलम १७ अभ्यासक्रमात आणि परीक्षा पद्धतीत योग्य बदल करायला सांगतं. परिशिष्टात नाव यावं यासाठी लढावं लागेल, लढूच. पण तोवर हात बांधलेले आहेत असं कुणी सांगू नये. एडिटरची पट्टी बंद करायला कोणत्या समितीचा दाखला लागतो? पहिल्या चुकीवर थांबणारा कंपायलर लावायला कोणतं प्रमाणपत्र लागतं?

परीक्षा मात्र बऱ्याच मुलांची विद्यापीठाची असते, आणि तिथे विद्यापीठालाच बोललं पाहिजे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत मुलं आजही पेनाने कोड लिहितात. कागदावर ना संदेश, ना रंग, ना परत चालवून बघायची सोय. मध्ये एक ओळ राहिली तर वर बाण काढून घुसवायची. जगातली कुठलीही कंपनी आपल्या इंजिनिअरकडून पेनाने प्रोग्राम लिहून घेत नाही. हे नेमकं कशाचं मोजमाप आहे? एडीएचडी असलेल्या मुलाच्या दुबळ्या बाजूचं नेमकं मोजमाप आहे, प्रोग्रामिंगचं नाही.

प्रॅक्टिकल परीक्षेत तरी मशीन असतं. पण तिथे मुलगा कोड लिहीत असतानाच एक्स्टर्नल मागे येऊन तोंडी प्रश्न विचारतात. ‘हा पॉइंटर इथे का घेतलास?’ उत्तर देऊन तो स्क्रीनकडे वळतो तेव्हा धागा तुटलेला असतो. तोंडी परीक्षा कोड पूर्ण झाल्यावर घ्या. प्रश्नाची चिठ्ठी एका लांब परिच्छेदाऐवजी टप्प्यांनी लिहा: हे घ्या, हे करा, हे छापा. दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला किमान २० मिनिटं जादा देण्याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २०१८ मध्ये काढली. निदान झालेल्या एडीएचडीच्या मुलालाही ती सवलत लागू करा. जादा वेळ त्याला गुण देत नाही, तुटलेला धागा परत जोडायला जागा देतो.

दोन आक्षेप नेहमी येतात. एक, ‘मग सगळेच म्हणतील मला एडीएचडी आहे.’ म्हणू देत. शांत स्क्रीन, स्पष्ट संदेश, टप्प्यांनी लिहिलेला प्रश्न, दर आठवड्याचं छोटं सबमिशन. यातलं काय कुणी लबाडीने मिळवून गैरफायदा घेणार आहे? जादा वेळेसाठी डॉक्टरांचं निदान मागा, बाकीचं सरसकट सगळ्यांना द्या.

दुसरा, ‘कंपनीत कोण देणार ही सवलत?’ कंपनीत प्रत्येक जण आपला एडिटर आपल्या पद्धतीने लावतो. कानाला हेडफोन लावून बसतो. चुका पकडायला आपोआप चालणाऱ्या तपासण्या असतात, काम लहान तुकड्यांत वाटलेलं असतं, आठवण करून देणारे बोर्ड असतात. यातलं बहुतेक कॉलेजात मिळत नाही आणि नोकरीत पहिल्या दिवसापासून मिळतं. पोरगं तिथवर पोचायला हवं, एवढाच प्रश्न आहे.

आणि एक विनंती शिक्षकांना. एडीएचडी म्हटलं की आपण बाकावर न टिकणारा, मध्येच बोलणारा मुलगा डोळ्यांसमोर आणतो. मागच्या रांगेत शांत बसलेल्या मुलीकडेही बघा. ती कुणाला त्रास देत नाही. स्क्रीनकडेच बघत असते. वीस मिनिटं तिचा कर्सर हललेला नसतो. मुलींमध्ये चुळबूळ कमी आणि हरवणं जास्त दिसतं, त्यामुळे त्यांचं निदान राहून जातं किंवा फार उशिरा होतं. तिच्या जर्नलवर ‘निष्काळजी’ असा शेरा मारण्याआधी शेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, कुठे अडलंय?

घरच्यांसाठीही थोडं. निदान करून घ्यायला घाबरू नका, लपवू नका. मानसोपचार विभाग प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असतो, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आता बारामतीतच आहे. दर वेळी पुण्याचं ससून रुग्णालय गाठायला नको. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला तर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. औषध द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. ते शेजाऱ्याने ठरवू नये, सरांनीही ठरवू नये.

नवं सत्र सुरू व्हायच्या आधी लॅबची सगळी मशीन नव्याने लावली जातात. एका मशीनवर सगळं बसवायचं आणि बाकीच्यांवर तेच उतरवायचं, अशी पद्धत आहे. त्या पहिल्या मशीनवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू ठेवा. आपोआप सेव्ह चालू ठेवा. एआयची राखाडी अक्षरं बंद ठेवा, ज्याला हवीत तो चालू करेल. कंपायलर पहिल्या चुकीवर थांबेल असा लावा. पायथन जुनं असेल तर ३.१० च्या पुढचं घाला. डेस्कटॉपवर थॉनी आणि स्पोकन ट्यूटोरियलचे मराठी धडे ठेवा. माळेगावच्या, बारामतीच्या, इंदापूरच्या प्रत्येक संगणक विभागाच्या प्रमुखांना ही कळकळीची विनंती आहे: हे काम तुमच्या सहीच्या आवाक्यातलं आहे, येत्या सत्राआधी करून टाका.